मधली खोली सरकवताना

सी ड्राइव्हमधली जागा संपत आली तशी सुकुमार मगदूमच्या घराची पुढची खोली लहान होत गेली. आधी टीव्ही आणि पलंग यांच्यामधली वाट गेली. मग पलंग सरकत सरकत ओट्याला जाऊन चिकटला, आणि पद्मा पलंगावर मांडी घालूनच भाकऱ्या थापू लागली. कॉम्प्युटरवर सी ड्राइव्हची पट्टी तांबडी झाली त्या दिवशी खोलीची पूर्वेकडची भिंतही तांबडी झाली. सुकुमारनं ओल्या फडक्यानं पुसून पाहिली, तर फडकं पांढरंच राहिलं.

घर मागाच्या शेडवर होतं. तीन खोल्या, एकीतून दुसरीत जायचं अशा ओळीनं. खाली सगळा आठवडा यंत्रमाग चालत आणि वर फरशी थरथरत असे. शुक्रवारी तेवढी गावाची वीज सकाळपासून बंद असायची. म्हणून गुरुवारी संध्याकाळी सगळं गाव बादल्या, घागरी, पातेली, दिसेल ते भरून ठेवायचं. त्या गावात राहणाऱ्याला वार विचारावा लागत नसे. फरशी थरथरली नाही की शुक्रवार.

सुकुमार साड्यांच्या काठांची डिझाइनं करायचा. कॉम्प्युटर घेतला तेव्हा दुकानदारानं डिस्कचे तीन भाग पाडून दिले होते, आपल्याकडे सगळ्यांनाच देतात तसे. सीमध्ये कॉम्प्युटर चालवणारी सिस्टिम. ती चालली तरच बाकीचं सगळं. डीमध्ये जपून ठेवायच्या गोष्टी. ई रिकामा. घराचंही तसंच होतं. पुढच्या खोलीत सुकुमार आणि पद्मा राहत, म्हणजे खाणं, झोपणं, काम करणं, श्वास घेणं ही रोजची चालती कामं तिथं होत. मधल्या खोलीत त्यांची मुलगी निधी होती. मागची खोली मोकळी होती.

निधी पाचव्या वर्षी तापाचं निमित्त होऊन गेली. तिचे फोटो आणि व्हिडिओ सगळे डी ड्राइव्हमध्ये होते, त्यामुळे ती मधल्या खोलीत असायची. हे दोघांनी कुणाला सांगितलं नव्हतं आणि लपवलंही नव्हतं. विचारायला कोणी येतच नव्हतं. निधी तेवढंच करायची जेवढं कधीतरी मोबाइलवर घेतलं गेलं होतं. झोका घ्यायची, केक कापायची, शाळेच्या गणवेशात रुसून उभी राहायची. प्रत्येक वेळी आधी दाराकडे बघून विचारायची, "पप्पा, चालू झालं काय?"

"हो, बोल," सुकुमार म्हणायचा. न म्हणून कसं चालेल? त्याचं "हो, बोल" सुद्धा त्या व्हिडिओतच होतं.

शेवटचा व्हिडिओ अर्धा होता. त्यात निधी अंथरुणावर बसलेली होती, तापानं गाल तांबूस झालेले, पण तोंड चालूच. "मी मोठी झाल्यावर मागची खोली माझी," ती सांगायची. "तिथं मी..." इथं मोबाइलमधली जागा संपली होती आणि व्हिडिओ तुटला होता. तेव्हा सुकुमारनं मोबाइल खिशात टाकला आणि म्हणाला, उद्या जागा करतो, मग सांग. ते उद्या काही आलं नाही. तिथं ती काय करणार होती हे आईबापांना कधीच कळलं नाही. पद्मा रोज एकदा तरी दारात बसून तो तुकडा ऐकायची आणि "तिथं मी" नंतर मान थोडी पुढे करायची, जणू आज पुढचं येईल.

तर पुढची खोली. आधी सूचना यायला लागल्या. ताटात वाढलेली आमटी संपली की तळाशी उमटायचं, जागा कमी आहे. भाकरी उलटली की त्यावर तेच. पद्मा वैतागून म्हणाली, "कळलं की बाई! किती वेळा सांगशील?" पण सूचना ही अशी बाई असते की तिला एकदा सांगून समाधान नसतं.

दोघांनी खोली साफ करायला काढली. रद्दी काढली, लग्नात आलेले आणि खोक्यातून बाहेर न आलेले डिनर सेट काढले. आजवर येऊन गेलेल्या पाहुण्यांचं बोलणं कोपऱ्याकोपऱ्यात साचलं होतं, ते पद्मानं झाडून एका पोत्यात भरलं. "देवाची मर्जी", "अजून वय आहे तुमचं", "दुसरं होईल की" असलं बरंच निघालं. पोतं जड झालं. ते दोघांनी मिळून जिन्यानं खाली नेलं. शेवटी भिंतीवरचं कॅलेंडर राहिलं.

"ह्याचं काय करू?" पद्मानं विचारलं.

"काढ. खिळ्यासकट काढ," सुकुमार म्हणाला.

हातभर जागा झाली. संध्याकाळपर्यंत तीही गेली.

पुढे पुढे तर दोघांचा श्वास एकदम मावेना. एकानं आत घेतला की दुसऱ्यानं थांबायचं, असं त्यांनी आपसांत ठरवून घेतलं. काही दिवस बरं चाललं. नवराबायकोत यापेक्षा वाईट करार असतात. पण पद्मा स्वभावानं अशी की आपली पाळी सोडून द्यायची. एक दिवस भाकरी थापता थापता ती तशीच आडवी झाली, ओठ निळे पडलेले. सुकुमारनं श्वास रोखून धरला, डोळ्यांपुढे अंधारी येईपर्यंत धरला, तेव्हा कुठं तिची छाती हलली. एक तर गेलीच होती, आता ही जाते की काय, याखेरीज त्याच्या डोक्यात काही उरलं नाही. त्यानं त्याच दिवशी कुडचेला फोन लावला.

कुडचे बाहेरगावचा. कॉम्प्युटर दुरुस्त करायचा. पिशवीतून त्यानं आपल्या दुरुस्तीच्या प्रोग्रॅमचा पेन ड्राइव्ह, एक स्क्रू ड्रायव्हर आणि गवंड्याचा ओळंबा काढला. खोलीत तिघं मावत नव्हते, म्हणून सुकुमार जिन्यात उभा राहून आत बोलत होता.

कुडचेनं ओळंबा सोडून भिंत बघितली, मग स्क्रीन बघितला. "मागं एवढी मोकळी जागा पडलीय की, मगदूम."

"मग ती घ्या ना पुढं."

"अशी उचलून घेता येत नाही. मोकळी जागा शेजारचीच लागती. तुमची मोकळी जागा मधल्या खोलीच्या पलीकडं आहे. आधी मधली खोली मागं सरकवायची. मग मधे जागा सुटंल, ती पुढच्या खोलीला जोडायची."

"मधली खोली आतल्यासकट सरकवायची?"

"आतल्यासकटच. एकेक जिन्नस इथून उचलायचा, तिथं ठेवायचा." कुडचेनं मधल्या खोलीत डोकावून पाहिलं. निधी झोक्यावर होती. ती त्याच्याकडे बघून काही बोलली नाही, कारण कुडचे कुठल्याच व्हिडिओत नव्हता. तो मागे सरला. आवाज जरा खाली आणून त्यानं विचारलं, "बॅकअप घेतलाय?"

"आहे की. दर आठवड्याला घेतो. सगळ्या डिझाइनांचा."

"मुलीचा?"

डिझाइन हरवलं तर पार्टी दारात येऊन शिव्या घालते, म्हणून डिझाइनांचा बॅकअप. निधीसाठी शिव्या घालायला कोण येणार होतं? सुकुमारच्या मनात तसं कधी आलंच नव्हतं. ती घरातच तर होती.

"आपल्या पेन ड्राइव्हवर घ्या तिला," पद्मा म्हणाली.

"त्यात दिवाळीची डिझाइनं आहेत."

"मग ती काढा की."

"अजून पार्टीला दिलेली नाहीत, पद्मा. सीत जागा नव्हती म्हणून दुसरीकडं कुठंच ठेवलेली नाहीत. काढून टाकली तर सगळा सीझन जाईल."

"अहो, काढा ती."

सुकुमारनं कुडचेकडे पाहिलं. "किती वेळाचं काम आहे?"

"दोन तास. फार तर तीन."

"दोन तासांचं तर काम आहे," सुकुमार पद्माला म्हणाला. हे वाक्य पुढे त्याला जन्मभर ऐकू येणार होतं, पण तेव्हा ते अगदी साधं, शहाणपणाचं वाटलं. कामाच्या माणसाला असली वाक्यं फार सुचतात.

कुडचेनं हात झटकले. "एकच सांगतो. चालू झाल्यावर लाईट जाता कामा नये. उचललेला जिन्नस इथला नसतो नि तिथलाही नसतो. त्या टायमाला लाईट गेली तर तो कुणाचाच नाही. तुमच्याकडं लाईट जाती काय?"

"मागांचं गाव आहे आमचं," सुकुमार जरा ताठ होऊन म्हणाला. "इथं लाईट जात नाही." भिंतीवर कॅलेंडर असतं तर त्याची नजर सवयीनं तिकडे गेली असती. भिंतीवर खिळासुद्धा नव्हता.

"यूपीएस?"

"आहे." तो होता. त्यातली बॅटरी केव्हाच बसली होती. त्याच्यावर पद्मा पोथी ठेवायची.

पद्मा एकदम उठली. तिनं फळीवरून पांढऱ्या सुताचा कोन, म्हणजे निमुळतं रीळ, घेतला. खालच्या शेडमधून आणलेला, वाती करायला. "मी तिच्याजवळ बसते," ती म्हणाली.

"वहिनी, तुम्ही पुढच्या खोलीतल्या," कुडचे म्हणाला. "तुमची तिथं मोजदाद नाही."

"नसू दे."

"पद्मा, नको," सुकुमार म्हणाला. "तुझ्यासाठीच तर चाललंय हे सगळं."

"मागची खोली माझी, असं म्हणालीय ती," पद्मा म्हणाली. तिचा चेहरा कधी नव्हे तो उजळला होता. "आता खरंच मागच्या खोलीत चाललीय. तिथं गेल्यावर पुढचं बोलेल की नाही? त्या वेळी मी तिथं नको?"

सुकुमारलाही ते ऐकायचं होतं. तिच्याइतकंच ऐकायचं होतं.

पद्मानं सुताचं टोक त्याच्या हातात दिलं आणि कोन घेऊन आत गेली. "पोहोचलो की दोनदा ओढीन. तोवर सोडू नका," ती म्हणाली. निधीच्या शेजारी ती भिंतीला पाठ लावून बसली. तिनं निधीचा हात धरला आणि निधीनं धरू दिला. व्हिडिओत असं नव्हतं, पण निधीनं धरू दिला.

कुडचेनं कळ दाबली. पट्टी पुढे सरकू लागली. तो पिशवी उचलून जिना उतरताना म्हणाला, "पट्टी भरली की झालं. मधे हात लावू नका. मला पुढच्या गावाला जायचंय." आणि गेला. त्याचं काही चुकलं असं म्हणता येत नाही. बाहेरगावच्या माणसाला आपल्या गावचा शुक्रवार कुठून माहीत असणार?

सुकुमार मधल्या दारात बसला. प्रथम मागची भिंत दूर गेली. मग एकेक जिन्नस निघाला. बारशाचा पाळणा थोडा फिकट झाला, इथं दिसेनासा झाला, आणि लांब मागे, जिथं आजवर नुसती मोकळी फरशी होती तिथं उभा राहिला. पाठोपाठ पहिली पावलं गेली, ती तर पाळण्याजवळ जाऊन चालू लागली. सुकुमारला हसू आलं. होतंय की व्यवस्थित, तो स्वतःशी म्हणाला. हातातल्या टोकापासून सूत थोडं थोडं लांबत होतं. पद्मा हळूहळू लांब चालली होती.

दोन तास झाले, तीन झाले. पट्टी निम्म्यावरच होती. पट्टीखालचा शिल्लक वेळ कमी व्हायचा सोडून वाढत होता. संध्याकाळी शेजारच्या बिरनाळ्यांच्या घरात नळाखाली बादल्या लागल्या. मग समोरच्या घरात लागल्या. मग सगळ्या गल्लीत पाणी पडल्याचा आवाज. कुणाकडे तरी लग्न असावं, असं सुकुमारला वाटलं. त्याचं सगळं लक्ष सुतावर होतं. रात्रभर तो तसाच बसून राहिला. केक गेला, झोका गेला, रुसलेला गणवेश गेला. उजाडलं तेव्हा मधल्या खोलीत एक अंथरूण तेवढं राहिलं होतं. त्यावर तापानं तांबूस झालेली निधी, आणि तिचा हात धरून पद्मा. दोघी इतक्या लांब होत्या की त्यांची तोंडं त्याला धड दिसत नव्हती. शेवटचा व्हिडिओ तेवढा उरला होता.

"पप्पा, चालू झालं काय?" निधीनं लांबून विचारलं.

"हो, बोल," सुकुमार म्हणाला.

अंथरूण फिकट होऊ लागलं. निधी फिकट झाली. तिचा हात धरला होता म्हणून पद्माही फिकट झाली. "मी मोठी झाल्यावर मागची खोली माझी," आवाज आला. पद्मानं मान थोडी पुढे केली. सूत सरसर लांबू लागलं.

त्याच वेळी तळ्याकडच्या गल्लीतले माग थांबले.

सुकुमारनं मान वर केली. मग बाजारातले थांबले. मग शाळेमागच्या शेडमधले. शांतता गल्लीगल्लीनं त्याच्या घराकडे येत होती, आणि मग त्याला संध्याकाळच्या बादल्या कळल्या. काढलेलं कॅलेंडर आठवलं. "थांबा!" तो ओरडला. कुणाला ओरडला त्याचं त्याला ठाऊक नव्हतं. तो कॉम्प्युटरकडे धावला, पण तिथं करण्यासारखं काय होतं? पट्टी भरत आली होती. सुताएवढीच जागा राहिली होती. त्यानं दोन्ही हात स्क्रीनवर दाबून धरले, पातेलं उतू जाताना झाकण दाबतात तसे.

खालचे माग थांबले. फरशीची थरथर बंद झाली. स्क्रीन काळा झाला. पोथीखालचा यूपीएस एकदा चिरकला आणि गप्प झाला.

सुकुमार वळला तेव्हा मधली खोली नव्हती. मागचीही नव्हती. दाराच्या उंबऱ्यापलीकडे एक जागा होती, काळी, न फरशीची, न भिंतीची. ती पुढच्या खोलीला जोडायची राहून गेली होती आणि मधल्या खोलीची उरली नव्हती. ती कुणाचीच नव्हती. तिच्यातून थंड हवा आली. सुकुमारनं श्वास घेतला आणि तो छातीभर आत गेला. कित्येक महिन्यांत असा श्वास त्याला मिळाला नव्हता. त्याची त्याला इतकी लाज वाटली की त्यानं तोंडावर हात दाबला.

दुसऱ्या हातात सूत होतं. त्याचं पलीकडचं टोक उंबऱ्यावरून अंधारात गेलेलं होतं. त्यानं वाट पाहिली. कुणी दोनदा ओढलं नाही. एकदाही नाही.

"पद्मा," त्यानं हाक मारली. "पद्मा, आहेस काय गं?"

त्यानं सूत हळूच आपल्याकडे ओढलं. ते आलं. त्याला काही वजन नव्हतं, पण ते आलं, म्हणजे पलीकडे काहीतरी सुटत होतं. त्यानं आणखी ओढलं. वीतवीतभर ओढत त्यानं मांडीवर सुताची रास केली. कोन काही एवढा मोठा नव्हता. तरी सूत येत राहिलं. रास पलंगावर गेली. पलंगावरून ओट्यावर गेली.

"पप्पा," आतून, खूप आतून आवाज आला, "चालू झालं काय?"

"हो," तो घाईनं म्हणाला. "हो, बोल."

पुढं काही नाही. फक्त खाली कुणीतरी शेडचं कुलूप लावल्याचा आवाज आला. गाव शुक्रवारच्या सुट्टीवर गेलं होतं.

"पप्पा, चालू झालं काय?"

"बोल ना, बाळा. तिथं तू काय करणार होतीस? मम्मी आहे काय तिथं? बोल."

आवाज येतो तिथून ओढायचं, एवढंच त्याला आता कळत होतं. तो ओढत होता. सूत गुडघ्यापर्यंत आलं, मग कमरेपर्यंत. टीव्ही दिसेनासा झाला. ओट्यावरची कात्री सुताखाली जाता जाता त्याच्या हाताला लागली. त्यानं ती लांब, जिन्याच्या दाराकडे फेकून दिली. छातीपर्यंत सूत आलं तसा श्वास पुन्हा आखूड झाला, पूर्वी होता तेवढाच. समोरची पूर्वेकडची भिंत तळापासून तांबडी होत होती, आणि बोटांमधून जाणाऱ्या पांढऱ्या सुतावर बारीक अक्षरं उमटत होती, जागा कमी आहे, जागा कमी आहे.

"पप्पा, चालू झालं काय?"

सुकुमारनं तोंड सुताच्या वर राहावं म्हणून हनुवटी उचलली.

"हो," तो म्हणाला, आणि ओढत राहिला.